पहिल्या दिवसाचा मिस्सा आणि पाचवीचा पट

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा शिवारात कपाशी-सोयाबीनची पेरणी चालू असते आणि घरातला पैसा बियाण्यात गेलेला असतो. आमची शाळा कॅथलिक मिशनची, अनुदानित, मराठी माध्यमाची. आजूबाजूच्या खेड्यांतल्या चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतून मुलं आमच्याकडे पाचवीत येतात. त्यामुळे पाचवीचा वर्गशिक्षक म्हणून माझ्यासमोर जवळजवळ सगळा वर्ग अनोळखी असतो.

खोल्या आदल्या दिवशीच उघडल्या. दार उघडून आधी काठी आपटायची, बाकं भिंतीपासून ओढायची, कपाटाखाली टॉर्च मारायची. पहिल्या सरीला विंचू आत शिरतात. टाकी घासून भरली. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर थोड्या पाण्यात कालवायची, वरची निवळी टाकीत ओतायची, तळचा चुना नाही, आणि तासभर नळ बंद ठेवायचा. उघड्या पिशवीतल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. ती टाकणं न टाकणं सारखंच.

वर्षाची सुरुवात पवित्र आत्म्याच्या मिस्साने, म्हणजे कॅथलिक सामूहिक उपासनेने, होते. ख्रिस्ती मुलं वर्गात मोजकीच; बाकीची हिंदू, बौद्ध, गोंड, मुसलमान. फाटकातच एका वडिलांनी विचारलं, "सर, आमच्या पोराले तिथं बसाच लागते काय?" मी म्हणालो, "नाही जी. तुमची मर्जी नसेल तर तो वर्गात बसेल, तिथंही एक शिक्षक आहेत." हा आमचा मोठेपणा नाही. संविधानाच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मिशनच्या शाळेत तर हे आपणहून सांगायला हवं. विचारायचं धाडस प्रत्येक पालकाला होत नाही.

मिस्सातली खरी अडचण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या, वेळी येते. मुलांना तो प्रसाद वाटतो. घरी, देवळात ओंजळ पुढे करायची सवय असते, तशीच ती रांगेत उभी राहतात. पण कम्युनियन फक्त प्रथम कम्युनियन झालेल्या कॅथलिकांनाच देतात. वेदीपुढे जाऊन रिकाम्या हातानं परतलेलं दहा वर्षांचं मूल ते विसरत नाही. म्हणून आत जाण्याआधीच वर्गाला सांगितलं: ज्यांचं कम्युनियन झालंय ते पुढच्या बाकांवर, बाकीचे मागे, कुणाला पुढे यायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, फादर डोक्यावर हात ठेवतील. मी स्वतः रांगेच्या तोंडाशी उभा राहिलो. एक मुलगी ओंजळ करूनच आली. तिचे हात हळूच छातीशी नेऊन ठेवले. फादरनी डोक्यावर हात ठेवला आणि ती हसत जागेवर गेली.

मग हजेरी. दाखल्यावरचं नाव एक, आधारवरचं दुसरं, घरातलं तिसरं. पहिल्या दिवशी दाखल्यावरचंच नाव पुकारायचं आणि "घरी काय म्हणतात?" हे जवळ जाऊन विचारायचं, वर्गासमोर नाही. शाळांच्या नोंदीच्या सरकारी युडायस पोर्टलवर आधार जुळलं नाही तर मूल पटावर असूनही संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होताना, अडचण येते. अशा वेळी जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही. जन्मदाखला पाहून आधार दुरुस्त करून घ्यायचं. वयाच्या पाचव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक राहून गेलेली मुलं हमखास सापडतात. त्यांची वेगळी यादी केली.

हजर मुलांचा आकडा सकाळीच स्वयंपाकघरात द्यावा लागतो. पाचवीपर्यंत मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, सहावीपासून दीडशे. पट पाहून आकडा दिला तर खिचडी उरते, कारण पेरणीमुळे पुष्कळ मुलं येत नाहीत.

दुपारी वाचन तपासलं. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावून आधी अक्षरं, मग शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. जिथं अडेल तिथं थांबायचं. सोबत हातच्याची एक वजाबाकी. वर्गात उभं करून वाचून घेतलं की न येणारं मूल शेजाऱ्याचं ऐकून बोलतं किंवा गप्प बसतं, आणि दोन्हीत काही कळत नाही. गोष्ट सलग वाचणारी थोडीच निघाली. बरीचशी परिच्छेदावर अडली, काही शब्दांवर. शब्दांवर अडलेल्यांसाठी सिस्टरांकडून जेवणानंतरची अर्ध्या तासाची तासिका मागून घेतली. पाचवीचं पुस्तक त्यांच्या हातात आहे; ते वाचता येईपर्यंत त्या तासाला पहिलीचं चालेल.