आमची वाटचाल: चोवीस वस्तूंचं खोकं ते सात वस्तूंची पिशवी

एक ते तीन वर्षांच्या मुलांना घरातल्या घरात रमवायचं सामान आम्ही पुण्यात बनवतो. पहिल्या खोक्यात २४ वस्तू होत्या. आज पिशवीत सात आहेत: चीर पाडलेला लाकडी डबा, सहा चकत्यांचा संच, चोचीचा स्टीलचा पेला, आखूड दांड्याची पळी, जाड सुती चादर, कागदी मास्किंग टेप आणि एक मापाची नळी. बाकी जे लागतं ते प्रत्येक स्वयंपाकघरात असतंच, ते खोक्यात घालून विकण्यात अर्थ नव्हता. मधल्या काळात काय काढलं, का काढलं आणि जे उरलं ते कसं वापरायचं, याचाच हा हिशेब.

मोठी चूक सुरुवातीलाच होती. आम्ही मोठ्या माणसाच्या नजरेनं 'खेळणी' निवडली होती. दीड वर्षाचं मूल खेळण्याकडे बघत बसत नाही, ते कामाला लागतं. भरतं, ओततं, कोंबतं, ओढत नेतं, वरून खाली टाकतं, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. लाकडी हत्ती त्याला एकदा बघायला पुरतो. डब्याचं झाकण वीस वेळा लागतं. म्हणून वस्तू निवडताना आता एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू मुलाला एकट्याला पुन्हा सुरुवातीच्या जागी आणता येते का? नसेल, तर तो खेळ एका मिनिटात संपतो आणि पुढची चाळीस मिनिटं आईबाबाच वस्तू गोळा करत बसतात.

याचं उत्तम उदाहरण चिरेचा डबा. आमच्या पहिल्या डब्याला वर घट्ट झाकण होतं. सहा चकत्या आत गेल्या की ते मोठ्यांनीच उघडायचं. आता डब्याच्या मागच्या बाजूला ९ सेंटिमीटरचं गोल भोक आहे, मूल हात घालून चकत्या स्वतः काढतं. फरक एवढाच, पण त्यानं खेळ कितीतरी पटींनी लांबला.

चिरेच्या मापावर मात्र आम्ही एक अख्खा पावसाळा घालवला. चकती ६० मिमी व्यासाची, ६ मिमी जाड, आणि चीर ७ मिमी. मे महिन्यात सगळं सुरळीत सरकत होतं. जुलैत चकत्या अडकायला लागल्या. लाकूड दमट हवेत फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही: लाकडाच्या तंतूंच्या रेषेच्या आडव्या दिशेनं जास्त, रेषेच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. पातळ चकतीच्या एका बाजूला दमटपणा जास्त बसला की ती वाटीसारखी किंचित वाकते. ६ मिमीच्या वाकलेल्या चकतीला ७ मिमीची चीर पुरत नाही. ७ मिमीच्या फटीचा दुसरा दोष त्याहून वाईट: लहान बोट आत जातं आणि अडकतं. आता चकती ८ मिमी जाड, चीर १३ मिमी रुंद आणि ७० मिमी लांब. बोट आत जातं तसं बाहेरही येतं. चकती वाकडी धरली तरी दोन-तीन प्रयत्नांत आत पडते, आणि 'ठक्' असा आवाज येतो. हा आवाज हवाच. डब्याच्या तळाला आम्ही एकदा फेल्ट लावून बघितलं होतं. आवाज गेला आणि मुलांचा रसही गेला.

घरी करायचा असेल तर दूध पावडरचा मोठा डबा घ्या. पत्र्याच्या कडेवरून आधी स्वतःचं बोट फिरवा आणि कड कापडी टेपनं दुमडून झाका. प्लास्टिकच्या झाकणात ७ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद चीर कापा. आत टाकायला चकत्यांऐवजी पत्त्यांचा जुना कॅट चालतो, पण जाड प्लास्टिकचा. कागदी पत्ते चघळले जातात. सव्वा वर्षाच्या आतल्या मुलाला चीर जमत नाही, चिडचिड होते. त्याच्यासाठी ७ सेंटिमीटरचं गोल भोक आणि गुंडाळलेले मोजे. चकती हातात फिरवून चिरेच्या रेषेत आणणं साधारण दीड वर्षाच्या पुढे जमायला लागतं.

चकत्यांना लाखेचा रंग असतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला आणि आपल्या सावंतवाडीला लाखकामाची जुनी परंपरा आहे. चन्नपट्टणची पद्धत अशी: काळ्या कुड्याचं लाकूड चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चकाकी आणतात. तोंडात जाणाऱ्या वस्तूला हा लेप चांगला, पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत: उकळतं पाणी आणि सॅनिटायझर. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सॅनिटायझरनं पुसलेली चकती चिकट होते, रंग हाताला लागतो. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडी करा, बास.

१ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे, आमच्यासारख्या जोडणी करून विकणाऱ्यांना नाही. त्यामुळे डबा आणि चकत्या आम्ही परवाना असलेल्या कारखान्यातून करून घेतो. खर्च वाढला, हे खरं. पण आयएस ९८७३ हे मानक समोर ठेवून खोकं तपासलं, तेव्हा चोवीसपैकी नऊ वस्तू आपणहूनच गळाल्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या वस्तूंसाठी ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. तिचा तळ तिरका असतो, म्हणून खोली २५.४ ते ५७.१ मिमी. जी वस्तू न दाबता तिच्यात पूर्ण बसते, ती घशात अडकू शकते. लाकडी भाज्यांच्या संचातली मिरची बसली. प्राण्यांची पिल्लं बसली. चेंडूसाठी माप आणखी मोठं, ४४.५ मिमी. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमीचा असतो, म्हणजे तोही बाद. चुंबकाची अक्षरं तर आम्ही काढून फेकून दिली: दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

पिशवीतली नळी त्याच मापाची आहे. ती मुलासाठी नाही, घरच्यांसाठी आहे. आजोबांच्या खिशातलं दहाचं नाणं २७ मिमीचं, रिमोटमधला सेल, पेनाचं टोपण, सगळं एकदा त्यात टाकून बघा.

आता पळी आणि पेला. कोरडं ओतायला काय द्यावं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. इंटरनेटवर रंगवलेला राजमा आणि चवळीचे ट्रे सुंदर दिसतात. तीन वर्षांच्या आत कडधान्य नको. दाणा नाकात जातो, ओलाव्यानं फुगतो आणि डॉक्टरकडेच निघतो. शिवाय कच्चा राजमा पोटात गेला तर विषारी. साबुदाणा फरशीवर छर्ऱ्यासारखा पसरतो आणि घरातलं मोठं माणूस घसरतं. मैदा उडतो, लाळेनं त्याची खळ होते. आमची पसंती जाड रव्याला.

दोन वाट्या जाड रवा कोरडाच पाच मिनिटं भाजून गार करा. कच्चा ठेवला तर पावसाळ्यात पोरकिडे होतात. ४० सेंटिमीटरची परात घ्या आणि तिच्याखाली ओलं फडकं पसरा, नाहीतर ती टाइल्सवर सरकत राहते आणि मूल मागोमाग रांगत जातं. परातीखाली चादर. चादर गडद रंगाची ठेवलीय ती सांडलेला रवा दिसावा म्हणून, आणि चौरस सव्वा मीटरची, म्हणजे शेवटी चार कोपरे उचलले की सगळा रवा मधे येतो. सुरुवातीला हात, मग पळी, दोन वर्षांच्या सुमाराला पेल्यातून पेल्यात ओतणं. पळीचा दांडा आम्ही १२ सेंटिमीटरवर आणला. वरणाच्या पळीचा लांब दांडा लहान मनगटाला पेलत नाही, सगळं मागे खांद्यावरून जातं. रवा घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर वापरा, मग टाकून द्या.

पाण्याचा खेळ न्हाणीघरात किंवा बाल्कनीत, परातीत, आणि पाणी एका पेल्याचं: २०० मिली. ओतायला घेताना पेला निम्माच भरायचा. काठोकाठ भरला तर ओतण्याआधीच सांडतो आणि मुलाला कळत नाही आपण काय केलं. पेल्याला चोच नसेल तर पाणी बाहेरच्या अंगानं ओघळत कोपरापर्यंत येतं. स्पंजचे तुकडे तोडून खाल्ले जातात, म्हणून पिळायला सुती फडकं. त्याच फडक्यानं फरशी पुसणं हा या खेळाचा दुसरा अंक, आणि बऱ्याच मुलांना तोच जास्त आवडतो. भरलेली बादली मात्र दाराच्या आतही नको. दोन-तीन सेंटिमीटर पाण्यातही एवढं लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे फोन आला तर आधी पाणी ओता, मग फोन घ्या.

खोक्यातून काढलेली आमची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे रंगीत कणीक. मीठ घातलेली कणीक टिकते असं सगळे म्हणतात. एप्रिलमध्ये टिकते. जूनमध्ये तेच मीठ हवेतलं पाणी ओढतं, गोळा पाझरतो, डब्यात बुरशी धरते. आणि दीड वर्षाचं मूल ती खातं, हे गृहीतच धरायचं; एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं. म्हणून दोन वर्षांच्या आत साधी पोळीची कणीक, एक चमचा तेल जास्त, त्याच दिवशी वापरून टाकायची. दोन वर्षांच्या पुढे, तोंडात घालायची सवय सुटल्यावर, शिजवलेली: एक वाटी मैदा, पाव वाटी मीठ, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक वाटी पाणी. सगळं गार असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा, मग मंद आचेवर सतत हलवा. आधी पातळ खिरीसारखं राहतं, मग एकाएकी गोळा धरून कढईची कड सोडतं. तिथेच उतरवा. एक मिनिट जास्त झालं की गोळा कोरडा पडून चिरा जातात. लवकर उतरवला तर बोटांना चिकटतो. पुन्हा आचेवर ठेवा, वरून मैदा टाकू नका. रंगाला बीट वापरणार असाल तर उतरवल्यावर घाला, शिजवलं की तपकिरी होतं. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात वाळवा, फिका पडतो.

टेप उशिरा आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमधला स्क्रीनबद्दलचा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच पानावर असंही आहे की एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. दोन खोल्यांच्या घरात, पाऊस लागलेला असताना, ही तीन तास हालचाल कुठून आणायची? बसून करायच्या सहा खेळांनी ती होत नाही. मग २४ मिमीची मास्किंग टेप. फरशीवर दोन मीटरची सरळ रेघ, तिच्यावरून चालायचं. दुसऱ्या दिवशी तीच नागमोडी. हॉलच्या एका टोकाला टेपचा चौकोन, दुसऱ्या टोकाला उशांचा ढीग, आणि उशा एकेक करून चौकोनात नेऊन टाकायच्या. लोळागोळा झालेली दुलई ढकलत नेणं हे त्याहून जड काम, म्हणून संध्याकाळच्या कुरकुरीच्या वेळेला राखून ठेवा. उड्या मारायला एक वितीच्या अंतरावर दोन रेघा पुरतात, आणि गादी भिंतीपासून हातभर लांब.

टेप दोन दिवसांत काढा. ऊन येणाऱ्या फरशीवर राहिली तर कागद निघतो आणि गोंद राहतो. त्यावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसा. रंगवलेल्या भिंतीला लावू नका, पोपडा येतो.

एका वेळी एकच खेळ बाहेर काढा, बाकीचे दाराआड. पाच-सात मिनिटं टिकला तर चांगला टिकला म्हणायचा. कंटाळा आलेला खेळ आठवड्यानं परत काढला की नवा होतो. आणि काहीच सामान काढायचं नसेल तेव्हा मेथीची जुडी पुढ्यात ठेवा. पानं खुडणं दोन वर्षांच्या बोटांना नेमकं जमतं. मटार सोलायला मात्र देऊ नका, कच्चा दाणा घशात अडकायच्याच मापाचा असतो.

पिशवीला आधी नाडी होती. लहान मुलांच्या वस्तूला गळ्याभोवती फिरेल एवढी दोरी नको, म्हणून ती काढून आता उशीच्या अभ्र्यासारखं दुमडतं तोंड शिवतो. सातातली पुन्हा मागवली जाते ती वस्तू एकच, टेप. ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि आम्ही तसं पिशवीतल्या कार्डावर छापलंय.