हिरोशिमातली लाल टोपी

ओसाकाहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं हिरोशिमा दीड तासावर. वाटेत ओकायामा स्टेशन लागलं आणि सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आठवलं, पण एरवी गाडीत मी गप्पच होते. आपण काय बघायला चाललोय याचं दडपण होतं.

सकाळ अणुबाँबच्या घुमटापाशी आणि संग्रहालयात गेली. आतला कोळसा झालेला शाळकरी डबा पाहिल्यावर पुढच्या दालनात पाय उचलेना. बाहेर आल्यावर भाचीनं, जी ओसाकात नोकरी करते, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या बागेकडे बोट दाखवलं. "मावशी, कार्पचं, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाचं, जुनं स्टेडियम इथे होतं." घुमटाच्या अगदी समोर! 1957 ते 2008 इथे बेसबॉल खेळला गेला. रात्री दिवे लागले की तो उजेड त्या भग्न घुमटावर पडत असणार. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

जपानमधले बहुतेक व्यावसायिक संघ कुठल्या ना कुठल्या कंपनीचे. कुणी वृत्तपत्राचा, कुणी रेल्वेचा. हिरोशिमा कार्प उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे अशी कुठलीच कंपनी नव्हती. बाँब पडून साडेचार वर्षंही झाली नव्हती, लोक अजून पत्र्याच्या खोपट्यांत राहत होते, आणि या गावानं ठरवलं की आपला संघ हवा. इथल्या किल्ल्याला 'कार्पचा किल्ला' म्हणतात, त्या माशाचं नाव संघाला दिलं. 1950 च्या पहिल्या हंगामात संघ लीगमध्ये शेवटचा आला. पुढच्या वर्षी खेळाडूंचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत आणि दुसऱ्या संघात विलीन व्हायची वेळ आली. प्रशिक्षक इशिमोतो शुइची अडून बसले आणि गावापुढे हात पसरला. मैदानाच्या दारात साके दारूची लाकडी पिंपं ठेवली. येणारा-जाणारा त्यात जमेल ते टाकत होता.

वर्गणी! मला दुसरा शब्द सुचत नाही. मंडपाच्या वर्गणीची पावती फाडत फिरणारी पोरं पाहत मी वाढले, पण ज्यांच्या घरावर धड छप्पर नाही त्यांनी बेसबॉलच्या संघासाठी नाणी टाकावीत, हे डोळ्यांपुढे आणताना गळा दाटला. पुढे 1968 मध्ये तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, पाठीशी उभी राहिली. संघाच्या नावात 'तोयो' आलं ते तेव्हा. तरी इथले लोक कार्पला कंपनीचा संघ मानत नाहीत.

संध्याकाळी स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत दहा मिनिटं चाललो. एरवी निळी दिसणारी लॉसनची दुकानं सगळ्या जपानभर आहेत, इथली मात्र लाल. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोपी. ती टोपीही मुळातली नाही. 1975 मध्ये जो लुट्झ नावाचे अमेरिकन गृहस्थ मुख्य प्रशिक्षक झाले, त्यांनी लढाऊ वृत्तीचा रंग म्हणून लाल निवडला. स्वतः ते हंगामाच्या सुरुवातीलाच संघ सोडून गेले. सूत्रं कोबा ताकेशींकडे आली आणि त्याच वर्षी, स्थापनेला पंचवीस वर्षं झाल्यावर, 15 ऑक्टोबरला तोक्योत योमिउरी जायंट्सना हरवून कार्पनं पहिल्यांदा लीग जिंकली. गावात मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला काही जण आपल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी उंच धरून उभे होते. ज्यांना हा दिवस बघायचा होता त्यांना तो दाखवायला.

आमच्या शेजारी एक सत्तरीकडे झुकलेले आजोबा बसले होते. भाची दुभाषी झाली. मला बेसबॉल कळत नाही म्हटल्यावर त्यांनी चॉपस्टिक्स वाटीवर आडव्या ठेवल्या, कार्प उदोन, म्हणजे स्टेडियमातल्या जाड नूडल्स, गार होऊ दिलं आणि 1979 सांगायला घेतलं. जपान सीरिज, म्हणजे दोन लीगमधल्या संघांची अंतिम मालिका. तिचा सातवा सामना, ओसाका, पावसाची भुरभुर. कार्प 4-3 ने पुढे, शेवटची नववी इनिंग. समोरच्या किंतेत्सु संघाचे धावपटू तिन्ही बेसवर आणि एकही बाद नाही. एक फटका नीट बसला की खेळ संपला. चेंडू कार्पचे पिचर, म्हणजे गोलंदाज, एनात्सु युताकांच्या हातात. पहिल्या फलंदाजाला त्यांनी स्ट्राइकआउट करून बाद केलं. दुसरा फलंदाज चेंडू हलकेच टेकवून तिसऱ्या बेसवरच्या गड्याला घरी आणणार, म्हणजे बरोबरीची धाव मिळवणार होता. एनात्सुंनी तो गडी पळताना पाहिला आणि चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर वळवला. गडी बाद. मग तोच फलंदाजही बाद. तिसरा बाद, डाव संपला, कार्प जिंकले. त्या इनिंगमध्ये एनात्सुंनी टाकले एकवीस चेंडू. आजोबांनी शेवटचा चेंडू हातानं टाकून दाखवला.

अशा तीन जपान सीरिज कार्पच्या नावावर आहेत: 1979, 1980, 1984. तिन्ही सातव्या सामन्यापर्यंत ताणलेल्या. त्यानंतर एकही नाही. लीग नऊ वेळा. श्रीमंत जायंट्सपुढे हे आकडे लहान दिसतात. मला ते लहान वाटले नाहीत.

कार्पच्या किनुगासा साचिओंबद्दल बोलताना आजोबांचा आवाज खाली आला. किनुगासा ओळीनं 2215 सामने खेळले. 1979 मध्ये चेंडू लागून खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी तरी मैदानात उतरले, तीनदा बॅट जीव लावून फिरवली आणि बाद झाले. 1987 मध्ये अमेरिकेच्या लू गेरिगचा 2130 सामन्यांचा विक्रम त्यांनी मागे टाकला.

आणि कुरोदा हिरोकी. न्यूयॉर्क यांकीजकडून खेळणारा हा पिचर अमेरिकेतला कितीतरी जास्त पैसा नाकारून 2015 मध्ये कार्पकडे परतला. पुढच्या वर्षी, पंचवीस वर्षांनी, कार्पनं लीग जिंकली. त्या रात्री सुरुवातीचा पिचर तोच होता.

"मावशी, ऊठ!" कार्पची फलंदाजी सुरू झाली होती. इथे अर्धे प्रेक्षक उभे राहतात, अर्धे बसतात, मग उलट. सगळं स्टेडियम श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. माझे गुडघे चौथ्या फलंदाजापर्यंत टिकले. डाव्या अंगाला, भिंतीपलीकडून, शिंकान्सेन उजळलेल्या खिडक्यांनिशी सरकत गेली.

त्या रात्री कार्प हरले. आजोबांनी उरलेलं गार उदोन संपवलं, वाटी पुसून ठेवली आणि निघताना मला विचारलं, उद्या किती वाजता येणार?