टेंटोरियम अखेर उभे राहिले

मेंदूभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाच्या, म्हणजे दृढतानिकेच्या, पडद्यांची प्रतिकृती बनवण्याचे काम ज्या ठिकाणी अडले होते, तेथून ते पुढे सरकले आहे. लॅटेक्सचे थर कितीही वाढवले तरी टेंटोरियमला मधोमध झोळ येत असे आणि लहान मेंदूवर तंबूसारखे उंचावलेले ते छत सपाट होऊन जाई. बेळगावच्या पावसाळी हवेत आतले थर ओलेच राहत होते. त्यातच यंदा मागवलेल्या लॅटेक्समध्ये गुठळ्या निघाल्या. सुट्या मापाचे लॅटेक्स घेऊ नये, सीलबंद लहान डबेच घ्यावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

मात्र खरे कारण जाडीत नव्हतेच. टेंटोरियम स्वतःच्या ताठपणावर उभे नसते. मेंदूच्या दोन गोलार्धांमधून उतरणारा फाल्क्स हा उभा पडदा मागील भागात त्याच्या मध्यरेषेला जोडलेला असतो आणि तोच त्याला वर ओढून धरतो. म्हणून आधी फाल्क्स कवटीच्या तळाशी पुढे असलेल्या क्रिस्टा गॅली या हाडाच्या उंचवट्यापासून मागपर्यंत ताणून बसवला आणि मगच टेंटोरियम त्याला शिवले. शहापूरच्या एका विणकर काकांनी दिलेले सुती कापड फाल्क्ससाठी उभ्या धाग्यात, तर टेंटोरियमसाठी उरेब (तिरपे) कापले. उरेब कापडामुळे मध्यमेंदूभोवतीची मोकळी कड सुरकुती न पडता वळली, पुढे हाडाला बांधलेल्या बाहेरच्या कडेवरून ओलांडून अँटिरियर क्लिनॉइड या कवटीच्या तळाच्या पुढच्या टोकाला पोहोचली; बांधलेली कड मागच्या टोकाला, पोस्टिरियर क्लिनॉइडलाच थांबली. ही फुली दोन्ही बाजूंना जुळलेली पाहून मन भरून आले.

शिवणीत विणायची सुई ठेवून लॅटेक्स वाळल्यावर ती ओढून काढली, तेव्हा आत त्रिकोणी पोकळी उरली. फाल्क्स आणि टेंटोरियमच्या जोडातून जाणाऱ्या स्ट्रेट सायनसचा (सायनस म्हणजे दृढतानिकेतला अशुद्ध रक्ताचा मार्ग) छेद असाच त्रिकोणी असतो! पुढून फाल्क्सच्या खालच्या कडेतला इन्फिरियर सॅजिटल सायनस आणि गॅलेनची महाशीर त्यात येऊन मिळतात, तर मागे तो सायनसांच्या संगमाकडे जातो.

पुढचा क्रम कवटीच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसचा होता. परंतु हे लिहिता लिहिताच तो बदलावासा वाटतो. फाल्क्सच्या वरच्या कडेतल्या सुपिरियर सॅजिटल सायनससाठी मी सलाइनची गोल नळी चिकटवली आहे. तोही दृढतानिकेच्या थरांमधलाच त्रिकोणी मार्ग असल्यामुळे ती नळी काढून फाल्क्सची वरची कड सुईवर नव्याने बांधणे योग्य ठरेल. दृढतानिकेला रक्त पुरवणाऱ्या मिडल मेनिन्जियल धमनीचा तांबडा रेशमी धागा कवटीच्या तळाच्या फोरामेन स्पायनोसम या छिद्रातून कानशिलावरच्या टेरियन या हाडांच्या सांध्यापर्यंत नीट बसला आहे. त्याला तूर्त हात लावणार नाही.