वीस मिनिटं

"आंब्याचे दिवस, घरात एवढी माणसं, तरी ध्यानाला वेळ कसा काढता?" पेट्या न्यायला येणारे बहुतेक जण हे विचारतात. घर रत्नागिरीजवळच्या पावसचं, म्हणून उत्तरही तेच देतात: सोऽहं साधना सांगणाऱ्या स्वामी स्वरूपानंदांचं गाव, तिथल्या हवेतच असणार. हवेत नसतं हो. पहाटे पाचला उठावं लागतं. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी वेळ काढला तो दुसऱ्याच्या वाट्याचा.

सात वर्षांपूर्वीचा एप्रिल. काढणीला गडी यायचे होते. माजघराचं दार लावून मी बसले होते. श्वास आत घेताना 'सो', सोडताना 'हं'. पडवीतून मामंजींची हाक आली, "जरा ये गो." स्पष्ट ऐकली. मनाशी म्हटलं, विक्षेप आहे, श्वासाकडे परत ये. दुसरी हाक आली नाही, तेव्हा मला बरंच वाटलं.

दार उघडलं तर मामंजी खाटेखाली पडलेले, एका हाताने खाटेचा खूर धरून. लघवी झाली होती, ती धोतराच्या सोग्याने पुसायचा प्रयत्न चालला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. "तू बसली होतीस, म्हणून परत हाक नाही मारली," म्हणाले. श्रावणात गेले.

तेव्हाची मी अजून वाद घालते: हाक आली तेव्हा ते पडलेलेच होते, धावत गेले असते तरी हाड मोडलेलंच असतं. खरं आहे. पण जमिनीवरची ती वीस मिनिटं कुणाची?

दोन वर्षं बसले नाही. परंपरेत अहोरात्राचे श्वास २१,६०० धरतात, मिनिटाला १५. म्हणजे वीस मिनिटांत जेमतेम ३००. उरलेले २१,३०० आहेतच की, म्हणून आढीतले आंबे निवडताना सोऽहं धरून पाहिलं. कामात राहून ध्यान होतं, असं सांगणारे मला भेटतात. होत असेल त्यांचं. माझा हात पेंढ्यात गेला की मन आंब्याच्या दराकडे जातं, आणि बसले नाही की दुपारपर्यंत मी घरातल्या सगळ्यांवर खेकसते. हेही घरच्यांच्याच वाट्याला येतं ना?

म्हणून पुन्हा बसते, त्याच माजघरात. दार उघडं ठेवून. सासूबाई खोकल्या की उठते. कधी त्या नुसत्या कूस बदलत असतात. अर्धा कान पडवीत ठेवून केलेल्याला ध्यान म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही.

सासूबाई म्हणतात, "दार लाव गो, लागलं तर मी हाक मारीन."

अजून लावलेलं नाही.