हानामाकीला मियाझावा केंजींच्या म्युझियमला जाऊन आलो, माझा अनुभव

टोकियोत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या ट्रिपा ठरलेल्या असतात, क्योतो, हाकोने, फुजी, झालंच तर हिरोशिमा. वर उत्तरेला इवाते प्रांताकडे, जिथे हानामाकी आहे, सहसा कोणी फिरकत नाही. मला मात्र हानामाकीला जायचंच होतं, कारण मियाझावा केंजी हा कवी आणि मुलांच्या गोष्टी लिहिणारा माणूस मुळात शेतीशाळेत मास्तर होता आणि आमच्या घरी शेतीशिवाय दुसरं काही बोललंच जात नाही.

तोहोकू शिनकानसेन या बुलेट ट्रेनने शिन-हानामाकी स्टेशनला उतरायचं. बुकिंग करताना एवढं बघा की बऱ्याचशा हायाबुसा गाड्या इथे थांबत नाहीत, यामाबिको नावाची गाडी घ्या, तीन तासांच्या आसपास लागतात. स्टेशनवरून बसने काही मिनिटांत पायथ्याला पोचता, पण बस मोजक्याच आहेत, परतीच्या वेळेचा फोटो उतरल्या उतरल्या काढून ठेवा.

म्युझियम टेकडीवर आहे. गाडी वरपर्यंत जाते, पण जमत असेल तर पायऱ्यांनीच चढा. ३६७ पायऱ्या आहेत आणि त्यांच्यावर केंजींची 'आमे नि मो माकेझु' ही कविता एकेक अक्षर करत लिहिलीय. पावसापुढे हार न मानणारा, वाऱ्यापुढे हार न मानणारा असा माणूस मला व्हायचंय, असं म्हणणारी कविता. ती बरीचशी काताकाना या सोप्या जपानी लिपीत असल्यामुळे माझ्यासारख्या कच्च्या जपानीवाल्यालाही वाचता येते, मी तर अक्षर जुळवत जुळवत, दम खात वर गेलो आणि मजा आली. १९३१ साली आजारपणात त्यांनी ती एका खिशातल्या वहीत लिहिली होती, ती वही सापडली ते गेल्यानंतर.

तिकीट साडेतीनशे येन होतं. आत विज्ञान, कला, अवकाश, प्रार्थना आणि शेती असे भाग केलेत. त्यांचा चेलो आहे, दगड-खनिजांचं वेड आहे, सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथावरची श्रद्धा आहे, आणि १९२२ मध्ये गेलेल्या तोशी या बहिणीवरच्या कविता आहेत. माहितीच्या पाट्यांसाठी फोनचं ट्रान्सलेशन अ‍ॅप चालतं पण कवितेवर नका वापरू, पार वाट लावतं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते शेतीच्या भागात. १९२६ मध्ये नोकरी सोडून हा माणूस स्वतः शेती करायला लागला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना खताचा हिशोब फुकट मांडून द्यायचा, म्हणजे जमीन कुठली, पाणी कसं, मागचं पीक काय हे विचारून मग कुठलं खत किती ते कागदावर लिहून द्यायचा. तिकडची जमीन आम्लधर्मी, चुना टाकला की ती आम्लता कमी होते, म्हणून पुढे त्यांनी शेतीच्या चुन्याच्या कारखान्यात काम घेतलं आणि नमुने घेऊन गावोगाव फिरले. आमच्याकडे नेमकं उलटं, चुनखडीची जमीन म्हटलं की वडील डोक्याला हात लावतात, लोह लागू होत नाही आणि पीक पिवळं पडतं. त्यामुळे चुना विकत फिरणारा कवी हे इतरांना विचित्र वाटेल, मला ते अगदी आतून कळलं.

आणि शेवटचा प्रसंग. २० सप्टेंबर १९३३ ला संध्याकाळी एक शेतकरी खताबद्दल विचारायला आला, केंजी इतके आजारी होते तरी कपडे बदलून खाली आले आणि त्याच्याशी तासभर बोलत बसले. दुसऱ्या दिवशी गेले, वय फक्त ३७. हयातीत त्यांची दोनच पुस्तकं आली होती, दोन्ही १९२४ ची, त्यातला कवितासंग्रह तर पदरचे पैसे घालून काढलेला. बाकीचं बाड त्यांच्या धाकट्या भावाने, सेइरोकूंनी जपलं, अगदी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातूनसुद्धा, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतंय. मला तर वाटतं त्या भावाचे उपकार केंजींच्या वाचकांनी कधी विसरू नयेत.

बाजूलाच यामानेकोकेन नावाचं रेस्टॉरंट आहे, त्यांच्या गोष्टीतल्या हॉटेलचंच नाव. केंजी स्वतः बरीच वर्षं शाकाहारी होते, पण म्हणून इथे सगळं शाकाहारीच मिळेल असं धरू नका, विचारून ऑर्डर करा. हातात पूर्ण दिवस ठेवा, कारण खाली केंजींवरचंच इहातोब्हकान हे दालन आणि मुलांसाठी दोवामुरा म्हणजे त्यांच्या गोष्टींचं गाव पण आहे. २८ डिसेंबर ते १ जानेवारी म्युझियम बंद असतं, त्यामुळे वर्षअखेरच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर तारखा आधी बघून घ्या.