लॅक्स्टन: बांधाचा न्याय गावातच करणारं इंग्लंडमधलं खेडं

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतकऱ्याचं घर बहुधा त्याच्या शेतातच असतं आणि शेताभोवती झुडपांचं दाट कुंपण असतं. नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन मात्र वेगळं आहे. इथे शेतकऱ्यांची लाल विटांची घरं आणि कोठारं गावातल्या मुख्य रस्त्याला लागून उभी आहेत. गावाबाहेर पडलं की मोकळं रान लागतं, आणि त्यात कुठेच कुंपण नाही. मध्ययुगात जवळजवळ अर्ध्या इंग्लंडची शेती अशीच चालायची. आज ती पद्धत पूर्णपणे, म्हणजे शेतीसकट आणि न्यायासकट, चालू आहे ती इथेच.

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी रानं आहेत. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या या तिन्ही रानांत विखुरलेल्या. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्यासाठी, असं चक्र दरवर्षी पुढे सरकतं. आपल्याकडे विखुरलेले तुकडे म्हणजे अडचण. त्यासाठी १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. इथे मात्र या विखुरण्यातच न्याय पाहिला गेला. चांगली जमीन एकाच्या पदरात आणि पाणथळ दुसऱ्याच्या गळ्यात, असं होत नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो.

मग बाकीच्या गावांचं काय झालं? १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून जास्त कायदे करून सामाईक जमिनी वाटून टाकल्या आणि कुंपणं घातली. गरिबाची गाय चरायची ती जागाही त्यात गेली. लॅक्स्टन वाचलं, त्याचं एक कारण असं सांगतात की इथल्या दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमलंच नाही. या गावाचा १६३५ सालचा मार्क पीअर्सने काढलेला नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टी तर आहेच, शिवाय नांगर हाकणारी माणसं आणि चरणारी गुरंही चितारलेली आहेत.

सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे इथला ज्युरी डे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले शेतकरीच पंच म्हणून गव्हाची पेरणी झालेल्या रानात उतरतात. थंडी मरणाची, बुटांना चिखलाचे गोळे, आणि पंच मात्र पट्टीमागून पट्टी तपासत चाललेले. कोणी शेजारच्या पट्टीत नांगर घातलाय का, कोणी सामाईक वाट किंवा गवताची कड खाल्लीय का, हे ते बघतात. कुजलेली खुंटी काढून हद्दीवर नवी लाकडी खुंटी ठोकतात. आठवड्याभराने गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जुन्या पद्धतीचं गावकोर्ट, बसतं, दोषी ठरलेल्यांना दंड होतो आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात. दंड अगदी किरकोळ असतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपलं नाव पुकारलं जाणं कोणाला आवडेल? ब्रिटनमध्ये अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने जवळजवळ सगळे संपवले; लॅक्स्टनच्या कोर्टाचे मात्र त्याच कायद्यात राखून ठेवले.

गावात भटक्या गुरांसाठीचा कोंडवाडाही आहे, तो बघून मला एकदम माहेरचं गाव आठवलं. उत्तरेला जुन्या नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकाडं आहेत. किल्ला गेला, नुसता उंचवटा उरलाय.

जमिनीची मालकी बदलत गेली: १९५२ मध्ये ती सरकारच्या कृषी मंत्रालयाने घेतली, १९८१ मध्ये राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये शेजारच्या थोर्सबी इस्टेटकडे. मालक कोणीही असो, पट्ट्या कसणारे आणि खुंट्या ठोकणारे हात गावातलेच राहिले पाहिजेत. मोठाल्या यंत्रांच्या काळात अशी शेती परवडवणं सोपं नाही, म्हणून या शेतकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इकडे येणं झालं तर जूनमध्ये या. नॉटिंगहॅमहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. नांगरायला अवघड म्हणून राखलेल्या गवताच्या पट्ट्यांना इथे साइक म्हणतात. तिथे कधी रासायनिक शेती झाली नाही, त्यामुळे त्या दिवसांत त्या रानफुलांनी भरलेल्या असतात. रानातून पायवाटा आहेत. फक्त वाट सोडून पिकात पाऊल टाकू नका.