व्हिटालियानसच्या सहा खाचा

सहा खाचा अखेर मोजता आल्या. मागच्या दोन नोंदी वाचलेल्यांना त्या कोणत्या हे सांगायला नको; इतरांसाठी, त्या एका जुन्या दगडाच्या कडेवर ओगम या प्राचीन आयरिश लिपीत कोरलेल्या आहेत. वेल्सच्या पेम्ब्रोकशायरमधील नेव्हर्न गावच्या सेंट ब्रायनाक चर्चबाहेर उभा असलेला व्हिटालियानसचा शिलालेख गेले तीन महिने माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

दगडावरचा लॅटिन मजकूर ‘व्हिटालियानी एमेरेतो’ पहिल्याच भेटीत वाचता आला होता. अडत होते ते कडेवरच्या ओगम लिपीत. त्यात ‘व्हिटालियानी’ (म्हणजे ‘व्हिटालियानसचा’) एवढे एकच नाव आहे आणि अभ्यासकांनी ते कधीच वाचून ठेवले आहे, पण छापील वाचन डोळ्यांसमोर ठेवून दगड पाहणे आणि दगडावरून स्वतः अक्षरे लावणे यांत मोठे अंतर आहे आणि मला दुसरे हवे होते. हिशेब सोपा आहे. ओगममध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे ठरावीक संख्येच्या रेघा किंवा खाचा. व्हीच्या 3 रेघा, आयच्या 5 खाचा, टीच्या 3 रेघा, एची 1 खाच, एलच्या 2 रेघा, पुन्हा आयच्या 5, एची 1, एनच्या 5 रेघा आणि शेवटच्या आयच्या 5 खाचा, म्हणजे एकूण 30 घाव. व्यंजनांच्या 13 रेघा लांब असल्यामुळे त्या लवकर सापडल्या. स्वरांच्या 17 खाचा मात्र ऐन कडेवर असतात, आणि ऊनपाऊस सगळ्यांत आधी झिजवतो तो कडेलाच. त्यातही एल आणि एन यांच्या मध्ये आय आणि ए लागोपाठ येतात, म्हणजे तिथे पाच अधिक एक अशा सहा खाचा एका ओळीत आहेत. पाचवी आणि सहावी यांमधली फट दिसल्याशिवाय तिथे दोन अक्षरे आहेत हे कळतच नाही. माझ्या मोजणीत कधी चार खाचा येत, कधी पाच.

दुसऱ्या भेटीत 140 छायाचित्रे काढून त्रिमितीय प्रतिकृती तयार केली होती. त्या प्रतिकृतीने माझी निराशा केली. लॅटिन अक्षरे तिच्यात सुरेख उठून आली, पण संगणकाने दगडाची कड गुळगुळीत करून टाकली आणि खाचांच्या जागी एक लाटेसारखा उंचवटा उरला. छायाचित्रे वाढवून उपयोग होईल असे मला वाटत नाही. इतक्या उथळ खाचांसाठी तिरप्या प्रकाशावरच माझा विश्वास आहे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी परवानगी घेऊन पुन्हा गेलो तेव्हा टॉर्च धरायला भाची सोबत होती. नेहमीप्रमाणे टॉर्च दगडाच्या डाव्या बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकेल इतकी जवळ धरायची होती. वीस मिनिटे आम्ही तसेच फोटो काढले आणि कड तशीच सपाट दिसत राहिली. मग ती म्हणाली, “मामा, हात दुखतोय, जरा वर धरते,” आणि तिने टॉर्च डोक्याच्या वर नेऊन प्रकाश कडेवरून खाली सोडला. त्याच क्षणी प्रत्येक खाचेच्या वरच्या ओठाखाली एक बारीक काळी सावली उमटली. एक, दोन, तीन, चार, पाच, मग तांदळाच्या दाण्याएवढी अधिक जागा आणि सहावी. आम्ही दोघांनी त्या चार वेळा मोजल्या.

कारण लक्षात आल्यावर इतके दिवस ते कसे सुचले नाही याची हळहळ वाटली. सावली पडायची असेल तर प्रकाश घावाच्या लांबीला छेदून यायला हवा. लॅटिन अक्षरांतल्या उभ्या रेघांना बाजूचा प्रकाश मानवतो, पण उभ्या दगडावर ओगमचे घाव आडवे असतात आणि बाजूने आलेला प्रकाश त्यांच्या लांबीतूनच वाहून जातो. 30 पैकी 29 घाव आता निश्चित आहेत. शेवटच्या आयच्या सर्वांत वरच्या खाचेवर दगडफूल वाढले आहे आणि ते खरवडणे मला मान्य नाही. आपल्याकडे किल्ल्यांवरच्या लेखांत खडू किंवा पीठ भरून फोटो काढतात, त्यालाही माझा ठाम विरोध आहे.

टॉर्च निवडताना एकच दिवा असलेली घ्यावी. एका दुकानदाराने आग्रहाने दिलेल्या बारा दिव्यांच्या टॉर्चमुळे प्रत्येक खाचेला अनेक पुसट सावल्या पडत होत्या आणि माझी एक पूर्ण फेरी वाया गेली.

पुढच्या महिन्यात पेम्ब्रोकशायरमधलाच केरूचा दगडी क्रॉस पाहायचा असे ठरले होते, पण आता आधी सेंट डॉगमेल्स गावी जाऊन साग्रानसचा दगड पाहावा असे वाटते. त्यावरही एकच मजकूर लॅटिन आणि ओगम अशा दोन लिपींत आहे आणि 1848 मध्ये ओगमचा उलगडा करताना त्याची मोठी मदत झाली होती. आयर्लंडच्या बाहेर ओगम लेख सर्वाधिक सापडतात ते वेल्समध्ये, कारण आयरिश लोक समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर वस्तीला आले होते, आणि साग्रानसच्या लेखात लॅटिन ‘फिली’च्या जागी आयरिश ‘माक्वी’ म्हणजे ‘मुलाचा’ हा शब्द डोळ्यांनी पाहायची मला फार उत्सुकता आहे.

हे लिहितानाच आणखी एक गोष्ट सुचली. नेव्हर्नच्याच चर्चमध्ये मॅग्लोकुनसचा दगड खिडकीच्या तळाशी आडवा बसवला आहे, म्हणजे तिथे ओगमचे घाव उभे झाले असणार आणि टॉर्च दगडाच्या टोकाकडून धरावी लागेल. खिडकीतून येणारा उजेड अडवायला काळे कापड लागेल. सेंट डॉगमेल्स त्यामुळे एक आठवडा पुढे ढकलले असून चर्चकडे परवानगीचे पत्र आजच पाठवले आहे.